उत्तमकाकांनी गाळलेली ओळ

ठाकुर्लीला सोसायटीच्या गेटाजवळच्या बाकावर रोज सकाळी उत्तमकाका मोबाइलवरचे आरोग्याचे मेसेज वाचून दाखवत. माणूस पोस्टातून रिटायर झालेला, पण आवाज असा की लिंबूपाण्याचे फायदे ऐकतानाही वाटावं, आता तोफ डागणार! मध्येच थांबायचे, चष्मा वर सारायचे, मंडळी पुढे झुकली की मगच पुढची ओळ.

सगळ्यात पुढे झुकायचा काळुराम. सोसायटी उभी आहे ती त्याच्याच बापाच्या शेतावर. "बारीक अक्षर मना दिसत नाय, उत्तमा. तू वाच. टीवीपेक्षा भारी वाटतं."

त्या दिवशी चॉकलेटची पाळी होती. "काळं! कडू! चॉकलेट! कोकोनं रक्तवाहिन्या मोकळ्या, बीपी खाली, हृदय खूश!" मेसेजात खरं तर 'थोडंसं' होतं, 'कदाचित' होतं. शब्दफेक बिघडते म्हणून काकांनी दोन्ही शब्द गिळले. शेवटी एक ओळ होती, 'मात्र डॉक्टरांची गोळी बंद करू नका.' पण तोवर दूधवाला आला, मंडळी उठायला लागली. गोळीवर कोण टाळी देणार? काकांनी मोबाइल खिशात टाकला.

काळुरामने ऐकलं तेवढं केलं. बीपीची गोळी बंद, रोज कडू चॉकलेटचा तुकडा चालू. महिनाभराने ओटीवर चहा पिताना कप निसटला, आणि उजवा हात लुळा पडला तो पडलाच.

तो हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा काका भेटायला गेले. दारातच त्याची बायको, बायजा.

"या भावजी. तुमचा चाकलेट फ्रिजात हाय, जाताना घेऊन जा."

काका चपला काढता काढता तिथेच थबकले. मग आत जाऊन पलंगाशी बसले.

"काळू, त्या दिवशी एक ओळ मी वाचलीच नाही रे."

"कंची?"

"गोळी बंद करू नका, ही."

"मंग वाचाची व्हती ना," काळुराम म्हणाला. शब्द जरा घसरत होते.

"हो रे. वाचायची होती."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर काका सुखाने घरी गेले असते. त्याने उलट डाव्या हाताने उशीखालचा हॉस्पिटलचा सूचनांचा कागद पुढे केला. "हा वाच. तुज्या तोंडून ऐकला का समजतं मना."

अजूनही आपल्यावर विश्वास! काकांनी कागद वाचला. शब्दफेक नाही, थांबणं नाही. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, विचारल्याशिवाय काही बंद करू नये, शेवटच्या टिंबापर्यंत सगळं.

काळुरामला जांभई आली. "आज रंगला नाय रं, उत्तमा."

"नको रंगू दे," आतून बायजावहिनी ओरडली. "परत वाचा, भावजी."

काकांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.