विटांचा थर

लिंबाजी गेला हे त्याच्या लेकीने, सुमनने, फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याचं ऐकून कुणी बरं म्हणतं का? पण या वयात फोन वाजला की निम्मी बातमी आधीच कळलेली असते. त्याच्या घरी, काळेवाडीला पोचेपर्यंत त्याला नेलंही होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. रोज लिहायला बसतो आणि कंटाळून उठतो. एक गोष्ट आम्हा दोघांतच होती, तो गेला आणि ती माझ्या एकट्याच्या गळ्यात पडली... म्हणून लिहितो.

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या आमच्या शिवारात कंपन्या यायला लागल्या, तेव्हा आमचं रान गेलं आणि बदल्यात मला नोकरी लागली. एक छोटी औषध कंपनी होती, पुढे ती बंदच पडली. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी विषावरच्या औषधासाठी साप पाळले होते. सापघर झाडायचं, पाणी ठेवायचं, हे माझं काम. विष काढायचं साहेब स्वतःच बघत. शेतकऱ्याचं पोर सापाला भीत नाही म्हणून मला घेतलं म्हणे. भीत कसा नव्हतो! पण सांगतो कुणाला?

पहिल्याच हिवाळ्यात दोन नाग गारठून मेले. साहेब म्हणाले, आणखी एक गेला तर सापघर बंद. सापघर बंद म्हणजे मी घरी, आणि घरी रान नव्हतंच. तेव्हा साहेबांनी वायरमनला बोलावलं. तो लिंबाजी. परभणीकडचा, काळासावळा, कमी बोलणारा. त्याला अजून कंपनीने कायम केलं नव्हतं.

त्याने आठ दिवस घालवले. लाकडी पेटीचा निम्मा तळ कापून तिथे पत्रा बसवला. पत्र्याखाली, बाहेरच्या बाजूने, शेगडीची कॉइल घातलेला बंद डबा. डब्याला अर्थिंगची तार, प्लग मागच्या भिंतीवर उंचावर, म्हणजे पाण्याचं भांडं लवंडलं तरी ओल तिथवर जायला नको. पत्र्यावर विटांचा एक थर, विटांवर चार बोटं वाळू. पेटीचा दुसरा निम्मा भाग मात्र त्याने तसाच सोडला. मी म्हटलं, सगळीच पेटी गरम कर की राव, कंजुषी कशाला? तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला.

"त्याला नको झालं तर सरकायला गार जागा पाहिजे. ती बुजवायची नाही."

काम झाल्यावर त्याने पेटी तापू दिली, प्लग काढला, पालथा हात वाळूवर ठेवला आणि मनात शंभर मोजले. वायरमन लोक तळहात लावत नाहीत. करंट असला तर मूठ आवळते आणि सुटत नाही, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. पालथा हात शंभरपर्यंत टिकला, तरच सापाचं पोट टिकेल. आणि पेटीत हात घालायचा तर आधी प्लग काढायचा, मग हात. हे त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पौषात कडाका वाढला. उरलेल्या नागाने तीन आठवडे काही खाल्लं नव्हतं, गार बाजूलाच वेटोळं करून पडायचा. एका संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या आत मी शहाणपणा केला. एवढी वाळू, एवढ्या विटा, ऊब वर येणार कशी? प्लग काढला, काठीने नागाला बाजूला घेतलं, वाळू उपसून गार बाजूला ढीग केला, त्यावर विटा रचल्या. नागाला मोकळ्या पत्र्यावर सोडलं, प्लग लावला, आणि छाती फुगवून घरी गेलो.

सकाळी नाग पत्र्यावरच होता. पोटाची कातडी सोललेली. सरकायला जागाच नव्हती, मीच बुजवली होती. चौथ्या दिवशी तो मेला.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. नागपंचमीला आमच्याकडे चिरणं, भाजणं, तळणं बंद, नुसतं उकडलेलं खायचं. नागाला भाजू नये म्हणून.

"पंचमीला आपल्यात चुलीवर तवा चढत न्हाई," ती म्हणाली, "आन तू त्येलाच तव्यावर बशिवलंस व्हय रं?"

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

पण त्या सकाळी, नाग सापडला तेव्हा, साहेबांनी लिंबाजीलाच बोलावलं होतं. त्याने पेटीत डोकावलं. रचलेल्या विटा पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. साहेबांनी विचारलं, कुणाची चूक?

"माझी, साहेब. थर मी नीट लावला नव्हता."

मी तोंड उघडलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते. दोष पेटीच्या कामाचा ठरला म्हणून साहेबांनी नवे नाग आणले, सापघर राहिलं, मीही राहिलो. लिंबाजीला मात्र खांबांवरच्या कामाला पाठवलं, आणि त्याचं कायम होणं दोन वर्षं लांबलं. गेटाबाहेर गाठून मी विचारलं, असं का केलंस? तो विडी पेटवत म्हणाला, "तुझं रान गेलंय. माझं गावाकडं हाय, मी कवाबी जाईन." पुढे चाळीस वर्षं आम्ही चहा प्यालो, एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत जेवलो, पण हा विषय दोघांनीही काढला नाही. त्याचं गावाकडे आहे, हेच मी मनाशी घोकत राहिलो. तेवढ्यावर झोप लागायची.

गेल्या आठवड्यात पुन्हा काळेवाडीला गेलो. सुमनशी बोलता बोलता विचारलं, गावचं रान आता कोण बघतं?

"कसलं रान, काका? बाबांच्या लहानपणीच गेलं ते. म्हणून तर इकडे आले."

समोर त्याची खाट होती. शेवटी शेवटी त्याला थंडी फार वाजायची म्हणून लेकीने विजेची शेगडी आणली होती. ती त्याने स्वतः लावून घेतलेली, खाटेपासून हातभर लांब, भोवती जाळी, वायर भिंतीच्या कडेने. खाटेच्या दुसऱ्या बाजूला काहीच ठेवू दिलं नव्हतं. मला थंडी वाजत असेल असं वाटून सुमनने ती लावली.

मग मी तिला सगळं सांगितलं. विटा मी काढल्या होत्या, म्हणालो. तुझ्या बापाचा थर बरोबर होता.

"आम्हाला तर ते शेवटपर्यंत स्वतःचीच चूक सांगत आले," एवढंच म्हणाली. मग उठली, आधी प्लग काढला, आणि शेगडीच्या जाळीवर पालथा हात ठेवून उभी राहिली... ती मोजत होती. मीही तिच्याबरोबर मनात शंभरपर्यंत मोजलं.