उसना वारा

बोट तोंडात ओलं करायचं, वर धरायचं आणि म्हणायचं, "आला बघा!" अंजूरमधल्या आमच्या शेजारच्या भाऊजींची ही सवय. वारा आपल्या अंगाला लागत असला, तरी त्यांनी सांगितल्याशिवाय तो आला असं धरायचं नाही. अशी माणसं तुमच्याही आळीत असतील.

भिवंडीत ते जॉबर होते, म्हणजे कापडाची लूम बिघडली की दुरुस्त करणारे. वाऱ्यानं सूत तुटतं म्हणून कारखान्याच्या खिडक्या कायम बंद. जन्म घामात गेला. बायकोनं घरी लूमसाठी कांड्यांवर सूत भरलं, आणि त्या सुताची धूळ तिच्या छातीत जाऊन बसली. उकाड्यात लाइट गेली की तिला श्वास पुरायचा नाही. उशी पोटाशी धरून, तोंड उघडं टाकून बसायची बिचारी.

तिच्यासाठीच त्यांनी पवनचक्की केली. भंगारातली मोटर, प्लास्टिकचा पाइप चिरून काढलेली पाती, रिक्षाची जुनी बॅटरी. घराच्या पत्र्यावर लोखंडी खांब उभा केला. पहिल्यांदा तिच्या उशाशी छोटा पंखा फिरला तेव्हा, खरं सांगते, मी टाळ्या वाजवल्या.

"वयनी, वारा काय कुनाच्या बापाचा हाय?"

बापाचा नव्हता, पण भावानं अडवला. त्यांच्या सख्ख्या भावानं खाडीकडच्या शेतात गोदाम उठवलं. भिंत वर गेली आणि खाडीचा वारा पलीकडेच राहिला. पाती लुळी पडली. आळीतली माणसं कसली गुणाची! "जॉबर, चावी द्या चक्कीला!" भाऊ गोदामाच्या दारातून ओरडायचा, "दादा, फुंकर मार!" आणि हे पत्र्यावर चढून हातानं पाती फिरवायचे.

मला राहवेना. आमच्याकडे इन्व्हर्टर होता. मी तिच्या उशाशी आमचा टेबलफॅन ठेवला आणि भिंतीवरून वायर टाकून दिली. त्यांनी पक्कडीनं वायर कापली, पंखा माझ्या ओट्यावर आणून ठेवला.

"माज्या घरात उसना वारा न्हाय चालायचा."

"अहो भाऊजी, जीव जाईल तिचा!"

"मी हाय ना. जॉबर हाय मी."

हट्टाला औषध नसतं म्हणतात. जळला मेला तो हट्ट!

वैशाखात एका दुपारी लाइट गेली. पत्र्यावर खडखड ऐकू आली तेव्हाच मी समजले, हे चढले वर. बराच वेळ पाती फिरवत होते. घामानं निथळत खाली उतरले, तोवर ती गेली होती.

माणसं जमली. लाइट अजून आली नव्हती. ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"वयनी, तुमचा पंखा द्या."

"आता कशाला?" मी म्हटलं. मला त्यांची दया आली नाही, उगाच खोटं का सांगू?

त्यांनी पंखा उचलला, कापलेली वायर स्वतःच जोडली. ओटीवर तिला निजवलं होतं, तिच्या उशाशी पंखा ठेवून फुल सोडला. तिचे कपाळावरचे पांढरे केस उडायला लागले. ते बाजूला बसून हातानं बसवायचे, आणि केस पुन्हा उडायचे.