ओळीतला पिस्टन

सडक अर्जुनीला हायवेलगत एक मिस्त्री धान कापायच्या मशिनी दुरुस्त करतो. या मशिनीच्या पेट्रोलात ऑइल मिसळलं नाही, तर पिस्टन जळतो. असे जळके पिस्टन त्याने दुकानात तारेवर तोरणासारखे टांगलेत, प्रत्येकाखाली मालकाचं गाव रंगवून.

ऐन कापणीत माझी मशीन जाम झाली, धान झडायला लागलं. मी मशीन आणि पेट्रोलचा डबा घेऊन त्याच्याकडे धावलो.

"ऑइल टाकलं होतं का जी?"

"म्हणजे काय! शाळेत विज्ञान शिकवतो मी."

घरी दोन सारखेच डबे होते, एक मोटारसायकलचा, एक मशिनीचा. घाईत कोणता उचलला याची मला शंका होतीच, पण ती मी गिळली.

त्याने पेपर पसरला. एक थेंब स्वतःच्या ऑइल मिसळलेल्या डब्यातला टाकला, एक माझ्या डब्यातला. कानामागची बिडी काढली, डब्यांकडे बघून परत कानामागे खोचली आणि उन्हात उकिडवा बसून राहिला. त्याच्या थेंबाचा तेलकट डाग तसाच राहिला. माझा थेंब उडून गेला, कागद कोरा.

"मानूस खोटं बोलते सर, कागद नाई बोलत." तो हसलाही नाही. नवा पिस्टन बसवून त्याने माझ्या डब्याच्या कडीला लाल चिंधी बांधली आणि म्हणाला, "आता यातच ऑइल टाकत जा जी."

नावगाव त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

यंदा मशिनीचं पातं घ्यायला गेलो, तर माझा पिस्टन ओळीत लटकत होता. बाकी गावांची नावं पुसट झाली होती. माझ्याखाली मात्र ताज्या रंगात होतं : 'विज्ञानवाले सर'.