हातावरून हात

समोरच्या खिडकीत लेलेकाका आणि काकू एकाच बाकावर बसून एकच पियानो वाजवतात. धून काकांनी रचलेली असते, चुका काकू काढतात. काल मी चहा घेत ऐकत होते. मध्येच काकांचा हात काकूंच्या हातावरून पलीकडे गेला आणि काकू थांबल्या.

"अहो, हा सूर माझ्या करंगळीखालीच आहे. तुम्ही एवढं ओलांडून कशाला येता?"

"सुरासाठी नाही येत," काका म्हणाले.

संगीत रचताना अशी लबाडीही करता येते तर! ऐकणाऱ्यापर्यंत नुसता सूर पोचतो. तो कुठल्या वाटेने आला, हे त्याला कुठे कळतं?

काकूंनी पान मागे उलटलं.

"घ्या पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या, "आणि तिथे जरा सावकाश."