मंगळवारचा मंगळ्या

वारासिवनीच्या राइस मिलीत जाऊन पाहा. तांदूळ बोऱ्यात भरून गावोगाव निंगून जाते आन् कोंडा तथीच ढीग होऊन पडते. किस्स्याईचं बी तसंच हाये. कामाचं जे होतं ते जिंदगीतून कवाचंच निंगून गेलं, हा कोंडा मातर माह्याजोळ उरला. आता सांगून सांगून जीभ दुखते. पन चाय आली का कोनी ना कोनी म्हन्तेच, "सदाभौ, ते मंगळ्याचं होऊन जाऊ द्या!"

होऊन जाऊ देतो बापा. तुमचं काय जाते, तुमाले बसून आयकाचं हाये. त्या डब्ब्यात उभं तं मले राहा लागलं!

*

त्या टायमाले आमच्या गावात टीवी कोनी पाह्यला नोता. शाळेतले गुरुजी सा डिसेंबरले मुंबईले चैत्यभूमीवर गेलते. तथी त्याईनं एका दुकानाच्या काचीतून टीवी पाह्यला. वापस आले तं आठ दिस दुसरी गोठच नाई. "सदाशिव, डब्ब्यात मानूस बोलते! हप्त्याच्या हप्त्याले नवा भाग!"

म्या म्हन्लं, "मंग आपन बनवू."

"अरे, त्याले मशीन लागते."

"डब्बा हाये, मानूस हाये. मशीन कायले पाह्यजे?"

मिलीत नवी मोटर आलती, तिचं लाकडाचं खोकं पडेल होतं. मानूसभर उंच. त्याले समोरून चौकोन कापला, दाराची कडी ठोकून बटन केलं, वरतून सायकलची रिंग बसवली, एंटिना! आत मी उभा. डोक्श्यावर घासलेटचा पिपा उलटा, त्याले डोयासाठी दोन भोकं. कहानी गुरुजीची. मंगळ ग्रहावरचा एक मानूस रस्ता चुकते आन् आमच्या बाजारात उतरते, त्याले इथलं काईच समजत नाई. नाव मंगळ्या. दर बाजाराले एक भाग. माहं वाचनं म्हंजे बैलगाडी चढावर, म्हनून गुरुजी वही घेऊन माह्या पायाजोळ लपून बसत आन् खालून एकेक वाक्य फुसफुसत.

लोकाईले मालूम होतं का आत सद्या हाये. पन कडी फिरवली, डब्बा चालू झाला, का त्याईच्यासाठी सद्या बंद!

*

आमचा बाजार मंगळवारचा. घोटाळा तथूनच झाला.

पयल्या दिसी म्या पिप्यातून जाड आवाज काढला, "मी मंगळावरून आलो!"

समोर वांगे घेऊन बसेल बुडगी बाजूवालीले म्हन्ते, "मंगळवारून आला म्हन्ते व! तं बुधवारी कुठं राह्यते?"

"बुधवारी दुसऱ्या बाजारात जात असन."

बुडगी उठली, डब्ब्याजोळ आली. "बाबू, उद्या तिकडं माही बहीन बसते, भाजीच्या लाइनीत. तिले सांगजो, गाय व्याली म्हना. गोऱ्हा झाला."

गुरुजी खालून फुसफुसले, "मंगळ हा ग्रह आहे, हे सांग!"

आता गोऱ्हा झाला म्हन्ल्यावर ग्रहाचं कोन आयकते? म्या हौ म्हन्लं.

*

एक बुडगा लय कानानं तिखट. त्याले माहा आवाज सहन नाई झाला. आला, कडी थोडी फिरवली. म्या आवाज कमी केला. बुडगा खूश! अजून फिरवली, अजून कमी. मंग गरकन पुरी फिरवली. बंद!

बंद म्हंजे बंद. मी हात वर केलेला, तसाच उभा. बुडगा गेला कांदे घ्याले.

लोक म्हनत, "आता?" दुसरा म्हने, "ज्यानं बंद केला त्यालेच चालू करू दे, नाई तं बिघडन." पिप्यात घाम डोयात चालला, वरतून घासलेटचा वास, आन् हात खाली घ्याची सोय नाई! बुडगा कांदे घेऊन, नातलगाले भेटून, चपलीले टाका मारून मंग आला. कडी फिरवली.

म्या म्हन्लं, "अबे, जीव घेतो का?"

बुडगा म्हन्ते, "आता आवाज बरोबर हाये."

*

एका बाजाराले मले थंडीताप. गुरुजी म्हन्ले, "आज राहू दे." पन लोक येऊन बसेल होते. उभा राह्यलो, तं सारं आंग लटलट कापे, पिपा खडखड वाजे.

"चित्र हालून राह्यलं!" मांगून कोनीतरी वरडला. दोन जन खोक्यावर चढले आन् लागले सायकलची रिंग फिरवाले. "आता?" "नाई, हालतेच!" "आता?" "थोडं लांजीच्या बाजूनं घे!"

म्या दात दाबून, दोन्ही हातानं खोक्याची फळी धरली, तवा कुठं आंग थांबलं.

"बस, बस! आता साफ आलं!" टाळ्या!

मंग फळी सोडाचीबी चोरी. ताप उतरेपरेंत मंगळ्यानं हात हालवला नाई.

*

गुरुजीच्या वहीचं पान एकडाव चिकटलं. ते सोताशीच पुटपुटले, "पान उलट, पान उलट." मले वाटलं माहंच वाक्य हाये. म्या छाती काढून म्हन्लं, "पान उलट!"

लोकाईले वाटलं मंगळावरचा रामराम असन. सारा बाजार म्हन्ला, "पान उलट!" तवापासून रस्त्यानं मले कोनी रामराम घातला नाई. दोन म्हातारे बी बांधावर भेटले तं, "पान उलट भौ!" "पान उलट!"

*

गुरुजीनं एका भागात लिवलं का मंगळावर भात-पोळी नाई, एक गोळी खाल्ली का दिसभर पोट भरते. मोठ्या ऐटीत सांगतलं म्या. तं धानवाले पाच-सात जन उठले ना!

"गोळीनं पोट भरलं तं धान कोन घेईन?"

"हा सरकारचा डब्बा हाये का बे?"

"भात खातो म्हन! नाई तं खोकं फोडतो!"

गुरुजी खालून म्हने, "विज्ञान आहे, माघार घेऊ नको." विज्ञान खाली बसेल होतं, लोकाईसमोर मी होतो. म्या म्हन्लं, "खातो. भातच खातो. गोळी भातावर घेतो."

"हं! असं बोल!"

*

दुसरं विज्ञान मातर लोकाईले पटलं. गुरुजीनं लिवलं का मंगळ न् धरती दर दोन वर्सानं, थोडं वरतंच, जोळ येतात, येनं-जानं कराचं तं तवाच. बाजारात एकानं सगळ्याईले समजावून सांगतलं, "म्हंजे त्याची बस दोन वर्सातून एकडाव हाये. चुकली का मंग बस दोन वर्स!"

वांगेवाली बुडगी हळहळली. "आपली किरनापुरची बस बरी व माय."

*

आता डोमाजीचं सांगतो. इथून मले थोडं दमानं घेऊ द्या, चाय थंडी झाली तरी चालन.

डोमाजी माह्याच वयाचा, धानाचा कास्तकार, सिधा मानूस. त्याची पोरगी शेवंता, मॅट्रिक पास. पन पत्रिकेत मंगळ. तीन जागी बोलनं झालं, तीनही जागी पत्रिका पाहून लोक चाय न पेता उठले.

एका मंगळवारी भाग संपला, लोक पांगले, तं डोमाजी टोपी काढून डब्ब्यासमोर उभा. हातात शेवंताची पत्रिका.

"मंगळ्या भाऊ, तू तथचाच ना?"

म्या म्हन्लं, "हौ, तथचाच."

"मंग माह्या पोरीच्या पत्रिकेत काहून बसला बापा? तुले एवढं आभाळ पडेल हाये. निंग ना तिच्यातून!"

मले हासू आलं. मंग पिप्याच्या भोकातून त्याचे डोये दिसले, आन् हासू तथंच राह्यलं.

गुरुजी खालून बाहेरच आले. "डोमाजी, फाडून टाक तो कागद!"

डोमाजी म्हन्ला, "गुरुजी, कागद फाडल्यानं तो मरते का? तो तं हा काय, समोर उभा हाये."

*

दुसऱ्या बाजाराले डोमाजी साऱ्याईसमोर उठला, हात जोडले, तेच मागनं.

मांगून एक बाई वरडली, "निंगन तं निंगन, पन जाईन कोनाच्या घरी?"

झालं! ज्याईच्या घरी लगनाच्या पोरी होत्या, त्या साऱ्या बाया पोरीले हाताले धरून बाजारातून पयाल्या. वांगे तसेच, टमाटे तसेच. एक जन मले म्हन्ला, "मंगळ्या, बसला तथीच बस, दुसऱ्याचं घर नको पाहू."

तिसऱ्या बाजाराले डोमाजी पुन्हा आला. मी पिप्यात खोकलो, आवाज बसला म्हन्लं, आन् टाळलं. मस्करी कराले म्या हा डब्बा बनवला होता. आता मले त्याच्यात उभं राह्याचं जीवावर येऊन राह्यलं होतं.

*

चौथा बाजार. किरनापुरची एक बाई खबर आयकून मुद्दाम आली. पोराचं दुकान, घर बरं. तिनं डोमाजीले साफ सांगतलं, "मंगळ निंगतो म्हन्ला तं उद्याच कुंकू लावतो." छत्री घेऊन समोरच बसली.

डब्बा चालू व्हाच्या पयले खोक्याच्या मांगून आवाज आला, "सदाकाका."

शेवंता होती.

म्या म्हन्लं, "सदाकाका कोन? मी मंगळ्या हावो."

"बरं, मंगळ्याकाका. तुमी आज निंगू नका."

"काहून व?"

तिनं पदरातून एक कागद काढला. बालाघाटले नर्सच्या ट्रेनिंगले तिचं नाव लागलं होतं.

"बापाले दाखव ना मंग!"

"दाखवला. बाबा म्हन्ते, मंगळ निंगला तं लगन. नाई निंगला तं पाहू."

"किती दिस बसू?"

"दोन वर्साची ट्रेनिंग हाये."

गुरुजीनं वहीतून डोकं वर काढलं. "सदाशिव, हे चूक आहे. आज खरं बोलून टाक. मी पत्रिकेत नाही, कोणाच्याच पत्रिकेत नाही. लिहून आणलं आहे मी."

"खरं बोललो तं ती छत्रीवाली उद्या कुंकू आनते, गुरुजी."

गुरुजीनं वही मातर नाई मिटली.

डब्बा चालू झाला. डोमाजी उठला. बाजारात कांद्याचा काटा सुद्दा थांबला.

"मंगळ्या भाऊ, आज चौथा बाजार हाये. आता पोरीकडं पाहवत नाई मले. सांगून टाक. निंगतो का नाई?"

खालून गुरुजी, "म्हण, मी पत्रिकेत नाही!"

म्या म्हन्लं, "निंगाले तं तयार हावो, डोमाजी. सामान बी बांधलं होतं. पन बस चुकली."

डोमाजीचं त्वांड पडलं. "मंग दुसरी कवा?"

म्या सांगाच्या पयले सारा बाजारच वरडला, "दोन वर्सानं!"

वहीतलं वाक्य राह्यलं म्हनून गुरुजीनं माह्या पोटरीले असा चिमटा काढला! "पान उलट, लेका, पान उलट!" ते जरा जोरातच निंगलं. सारा बाजार म्हन्ला, "पान उलट!"

किरनापुरवालीनं छत्री उचलली. "दोन वर्स कोन थांबते व माय! माह्या पोराले का पोरी कमी हायेत?" आन् चालली.

डोमाजी तथंच उभा. मंग हळूच डब्ब्याजोळ आला. भोकातून मले पाह्यलं, लय वेळ. कडी धरली, पुरी फिरवली, मले बंद केलं आन् घरी निंगून गेला.

मी तसाच उभा राह्यलो. त्या दिसी चालू कराले कोनी आलं नाई.

*

मंग शेवंता बालाघाटले गेली. गुरुजीची बदली झाली. खोक्याले उधई लागली, पिपा घासलेट आनाले परत कामात आला. लोकाईनं पान उलट म्हननं बी सोडलं. मीबी विसरलो.

एक दिस सकाळी डोमाजी दारात उभा. हातात फडक्यात बांधेल पोळ्या. मांगं रस्त्यावर शेवंता, नर्सची पांढरी साडी, पायाजोळ टिनाची पेटी. तिरोडीच्या दवाखान्यात लागली होती, आज हजर व्हाचं होतं.

म्या म्हन्लं, "बस डोमाजी, चाय घे."

"बसत नाई. पोरीची बस हाये." त्यानं पोळ्या माह्या हातात देल्ल्या. "आज त्याची बी हाये ना?"

"कोनाची?"

"दोन वर्स झाले ना सद्या."

म्या शेवंताकडं पाह्यलं. ती तिकडं झाडाकडं पाहून राह्यली होती.

"हौ," म्या म्हन्लं, "झाले."

डोमाजीनं टोपी नीट केली. "दूरचा परवास हाये, त्याले शिदोरी देजो. आन् सांगजो, इतके दिस आमच्या घरी राह्यला, पन मानूस तसा वाईट नोता."