ब्रेक उशिरा लागते

माझ्या नेहमीच्या बसचा चालक ती सुरू करण्यापूर्वी स्टिअरिंगवर थाप मारून म्हणे, "चाल वं माय!" मी रोज त्याच्या मागेच बसत असे.

यंदा पगारवाढीसाठी संप झाला. नोकरी जाण्याची ताकीद मिळाली, तरी तो इस्त्रीचा गणवेश घालून डेपोच्या फाटकाशी संपकऱ्यांत बसला. त्याची बस नव्या चालकाने बाहेर काढली. समोरच्या थांब्यावरून मी सवयीने तीत चढलो. तो उठून आला, तेव्हा भांडण होईल असे वाटले. खिडकीशी येऊन तो नव्या चालकाला म्हणाला, "ब्रेक उशिरा लागते गा हिचा. आत लोकं हायेत, जपून ने."

तो परतून संपकऱ्यांच्या सतरंजीवर बसला. मीही खाली उतरलो.

"काहून उतरले जी?" त्याने विचारले. "पोहोचवते तो."

मी फाटकाशी त्याच्याजवळ गेलो. त्याने सरकून सतरंजीवर मला जागा करून दिली.