एक कप चहा आणि बोटीची मोटर

आमच्या देवळी गावातल्या घरासमोरच ह्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. तिथे नटबोल्ट डब्यात साठतात आणि किस्से माझ्या डोक्यात! डबे निदान दिवाळीला आवरता येतात. किस्से कुठं काढून टाकू? त्यातही ती बोटीची मोटर आली आणि एकीनंच डोकं भरून टाकलं.

मोटर माझ्या धाकट्या भावाची, विनूची. तो धरणावर मासे धरतो. मोटर त्याच्याहून म्हातारी, परदेशी. खालच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरून तेल ताकासारखं पांढरं झालेलं. तेव्हापासून विनू वल्ही मारत होता आणि त्याचा उजवा खांदा पार गेला होता.

मोटर आल्याबरोबर मी तिला हळदकुंकू लावलं.

"ताई, हे मशीन हाय, नवरी नाई!"

हे म्हणाले, "लावू दे रे. नखरे तं नवरीपेक्षा जास्त दिसून राह्यले!"

*

दोष होता ऑइल सीलचा. म्हणजे पाणी अडवणारी रबराची चकती, भोवती पत्र्याचं कडं. ह्यांनी पंखा काढला, दांडा काढला, स्क्रू ड्रायव्हर घातला आणि जोर लावला. रबराच्या चिंध्या हातात आल्या. कडं जागच्या जागी!

शेजारचे हार्डवेअरवाले शंकरभाऊ बघत होते. म्हणाले, "दात तुटला, मूळ आतच! आन आयका, अशा जुन्या मोटरीत कधीमधी दोन सील राह्यते. एकामागं एक."

"एकच हाय! तुमाले दोन विकाचे असन!" हे म्हणाले.

शंकरभाऊंनी फक्त पानाचा विडा गालात सरकवला.

*

दुसऱ्या दिवशी विनूला हात वर करून टोपीसुद्धा घालता येईना. मला राहवलं नाही. देवापुढं उभी राहिले आणि बोलून मोकळी झाले, "मोटर मोकळी होईपर्यंत चहा सोडला!"

ह्यांचा चेहरा उतरला. "मंग माहा चहा कोण करन?"

"करीन की. पिणार नाही फक्त."

संध्याकाळपर्यंत डोकं असं ठणकलं की दर घटकेला मी दुकानाच्या दारात! "निघालं का हो?"

विनू म्हणाला, "भाऊजी, ताईनं देवाले नाई, आपल्याले नवस बोलला!"

*

मग तिसऱ्या दिवशी सकाळीच कड्यात दोन स्क्रू पिळले आणि स्क्रू पकडीत धरून ओढायचं ठरलं. ह्यांनी पाय रोवला. विनूनं डाव्या हातानं ह्यांची कंबर धरली, मी विनूचा शर्ट धरला. "जय बजरंगबली!"

स्क्रू सुटला. तिघंही पोत्यांवर उताणे!

दारातून शंकरभाऊ म्हणाले, "वहिनी, फुगडी बरोबर, पण एवढ्या सकाळी?"

*

शेवटी शंकरभाऊच म्हणाले, "गरम करा. बाहेरचं अल्युमिनियम फुगन, कडं ढिलं होईन." ज्योत लावायला हे घाबरले, म्हणून मी पातेलंभर पाणी उकळून आणलं. भांड्याला फडकं गुंडाळलं आणि स्तोत्र म्हणत बारीक धार धरली.

हे ओरडले, "अवं, अभिषेक नोको करू! पाणी ओत!"

ओतलं सगळं. ह्यांनी नवे स्क्रू पिळून हिसका मारला.

टक्!

कडं बाहेर! विनू दुखरा खांदा विसरून नाचला, मग "आई गं" म्हणत बसला. शंकरभाऊंनी टाळ्या वाजवल्या. मी धावत जाऊन आलं-वेलची घालून सगळ्यांना चहा आणला. देवापुढं ठेवलेला माझा कप उचलला. काय तो वास! तोंडाशी नेला.

हे हात पुसत मोबाईलची बॅटरी लावून आत डोकावले. डोकावलेलेच राहिले. मग शंकरभाऊ डोकावले. ह्यांना दोन बोटं दाखवून उठले आणि आपल्या दुकानाकडे चालू लागले.

"काऊन, का झालं?" विनूनं विचारलं.

ह्यांनी बॅटरी बंद केली. माझ्याकडे, मग माझ्या कपाकडे बघितलं.

"काही नाई. अवं, तू चहा पिऊन घे आधी."